घरगुती उबवणी पेटीत अंडी फिरविणे : का, कशी आणि केव्हा?

परसातील दहा-पंधरा कोंबड्या हा आपल्या डोंगराळ भागातील कुटुंबाचा मोठा आधार असतो. मुलांच्या वह्या-पुस्तकांना, दवाखान्याला किंवा अवचित आलेल्या पाहुण्याला कोंबडी आणि अंडीच उपयोगी पडतात. कर्जतहून खोपोलीच्या गाडीने निघाल्यास पहिलेच स्थानक पळसदरीचे लागते. बोरघाटाच्या पायथ्याशी भातखाचरे आणि त्यांच्या कडेने वाड्या-वस्त्या असा हा परिसर आहे. मुंबई आणि पुणे दोन्ही जवळ असल्याने येथे गावठी कोंबडीला व अंड्यांना गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. अडचण असते ती पिल्ले वेळेवर आणि पुरेशी मिळण्याची.

गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक बसते. तिला रवणीला बसविल्यास २१ दिवस उबवणीत जातात आणि त्यापुढे दीड-दोन महिने ती पिल्लांमागे फिरते. तेवढा काळ तिची अंडी बंद राहतात. गिरिराजा, वनराजा यांसारख्या सुधारित कोंबड्या तर क्वचितच खुडूक बसतात. त्यामुळे लाकडी खोक्याची किंवा थर्मोकोलची लहान उबवणी पेटी घरी ठेवण्याकडे अनेकांचा कल आहे. तापमानाची आणि ओलाव्याची काळजी बहुतेकजण घेतात. दुर्लक्ष होते ते अंडी फिरविण्याकडे. हे दुर्लक्ष किती महाग पडते आणि ते कसे टाळावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

एक उदाहरण

समजा, पळसदरीतील एका घरी दिवाळीनंतर पेटीत ३० अंडी मांडली. तापमान बरोबर आहे, पाण्याची ताटली भरलेली आहे. मात्र तो आठवडा भाताच्या झोडणीचा आहे. घरातील माणसे पहाटे खळ्यावर जातात ती अंधार पडल्यावर परततात. आठवण झाली तर अंडी फिरवली जातात, नाही तर राहून जातात. सातव्या दिवशी बॅटरीच्या उजेडात पाहिले तर ३० पैकी २६ अंड्यांत रक्तवाहिन्यांचे जाळे छान दिसते. झोडणीही संपलेली असते. दुसऱ्या आठवड्यापासून अंडी नेमाने फिरवली जातात.

एकविसाव्या दिवशी १३ पिल्ले बाहेर येतात. उरलेली १३ अंडी फोडून पाहिल्यास आत जवळजवळ पूर्ण वाढलेली पिल्ले मेलेली आढळतात. काही अंड्यांच्या निमुळत्या टोकाशी चिकट पांढरा तसाच शिल्लक असतो. दोष पेटीला, अंड्यांना किंवा कोणाच्या तरी नजरेला दिला जातो. शेवटचा आठवडा तर सगळे नीट केले होते, मग पिल्ले का मेली, असा प्रश्न पडतो.

उत्तर पहिल्या आठवड्यात आहे. अंडी न फिरविल्याचे नुकसान पहिल्या आठवड्यात होते, पण ते दिसते दोन आठवड्यांनी. म्हणूनच त्याचे खरे कारण लक्षात येत नाही.

अंडे न फिरविल्यास आत काय घडते?

अंड्यातील बलक पांढऱ्याच्या मधोमध तरंगत असतो. त्याच्या दोन बाजूंना पिळाच्या दोरीसारखे पांढरट पेड असतात व ते त्याला मध्यभागी धरून ठेवतात. फळलेल्या अंड्यात बलकावर एक पांढरट ठिपका असतो. हाच पुढे पिल्लू होणारा गर्भ. बलकाची ही बाजू हलकी असल्याने अंडे कसेही ठेवले तरी गर्भ वरच्या अंगाला येतो.

ऊब मिळू लागताच पांढऱ्यातील पाणी गर्भाच्या खालच्या बाजूस जमू लागते. बलक आणखी हलका होतो आणि वर चढतो. अंडे एकाच स्थितीत पडून राहिले तर गर्भ कवचाच्या आतील पापुद्र्याला टेकतो आणि तेथेच चिकटण्याचा धोका निर्माण होतो. चिकटलेल्या गर्भाची वाढ खुंटते किंवा तो मरतो. अंडे फिरविले की गर्भ पुन्हा बलकाबरोबर वर सरकतो आणि त्याला ताज्या पांढऱ्याचा थर मिळतो.

दुसरे कारण रक्तवाहिन्यांच्या पटलाचे आहे. पिल्लाला अंड्यात फुप्फुसाने श्वास घेता येत नाही. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून आत येणारा प्राणवायू कवचाच्या आतून पसरणारे रक्तवाहिन्यांचे पटल शोषून घेते. साधारण अकराव्या-बाराव्या दिवसापर्यंत या पटलाने कवचाची संपूर्ण आतली बाजू व्यापावी लागते. अंडी फिरविल्याने हे पटल झपाट्याने व सर्व बाजूंनी पसरते. न फिरविल्यास ते तोकडे राहते आणि शेवटच्या आठवड्यात, जेव्हा पिल्लाची प्राणवायूची गरज सर्वांत जास्त असते, तेव्हा ते अपुरे पडते.

तिसरे कारण खाद्याचे. उबवणीच्या उत्तरार्धात पिल्लू अंड्यातील उरलेला पांढरा गिळते व त्यावर त्याचे अंग भरते. पटल नीट पसरले नसेल तर पांढरा निमुळत्या टोकाशी अडकून राहतो आणि पिल्लाच्या पोटात जात नाही. पिल्लू लहान राहते, चिकट होते, त्याला कवच फोडण्याची ताकद राहत नाही. उदाहरणातील अंड्यांत शिल्लक दिसलेला चिकट पांढरा हीच खूण आहे.

याशिवाय न फिरविलेल्या अंड्यांत पिल्लू उलटे बसण्याचे प्रमाण वाढते. पिल्लाचे डोके रुंद टोकाकडे, हवेच्या पोकळीजवळ असावे लागते. ते निमुळत्या टोकाकडे राहिल्यास पहिला श्वास घेणे त्याला कठीण जाते.

नाजूक काळ कोणता?

अंडी पहिले १८ दिवस फिरवावीत. परंतु सर्व दिवसांचे महत्त्व सारखे नाही. १९५७ साली न्यू या संशोधकाने कोंबडीच्या अंड्यांवर प्रयोग करून चौथ्या ते सातव्या दिवसाचा काळ सर्वांत नाजूक असल्याचे दाखविले. पुढील अभ्यासांतही तिसऱ्या ते सातव्या दिवसाचे महत्त्व दिसून आले आहे. या काळातील हयगय पुढे कितीही काळजी घेऊन पूर्णपणे भरून निघत नाही. म्हणून अंडी मांडण्याचा दिवस ठरविताना पुढचा आठवडा घरात कोण असेल, हे आधी पाहावे. लावणी, कापणी, झोडणी किंवा घरचे लग्नकार्य तोंडावर असेल तर अंडी आठवडाभर उशिरा मांडलेली बरी.

कोंबडी हे काम कसे करते?

रवणीला बसलेली कोंबडी बारकाईने पाहावी. ती चोचीने अंडी आपल्याकडे ओढते, उलटवते, कडेची आत आणि आतली कडेला सारते. दिवसा आणि रात्रीही तिचे हे काम चालू असते. दिवसातून थोडा वेळ ती दाणा-पाण्यासाठी उठते, तेवढ्याने अंडी बिघडत नाहीत. त्यामुळे अंडी फिरविण्यासाठी पेटीचे झाकण चार-पाच मिनिटे उघडले तर घाबरण्याचे कारण नाही.

माणसानेही हे फार पूर्वी ओळखले. इजिप्तमध्ये मातीच्या विटांच्या भट्ट्यांत हजारो अंडी उबविण्याची परंपरा फार जुनी आहे. तेथील कारागीर तापमापकाशिवाय, अंडे पापणीला लावून ऊब ओळखत आणि अंडी हाताने फिरवीत. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी अठराव्या शतकात या पद्धतीचा अभ्यास करून त्यावर ग्रंथ लिहिला. आजच्या मोठ्या उबवणी केंद्रांतील यंत्रे साधारणपणे दर तासाला अंड्यांचे ट्रे आपोआप एका बाजूस ४५ अंश व मग दुसऱ्या बाजूस ४५ अंश कलवितात. घरी दर तासाला हे करणे शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. नेम मात्र हवा.

दिवसातून किती वेळा?

हाताने फिरवावयाची असल्यास दिवसातून किमान ३ वेळा आणि जमल्यास ५ वेळा अंडी फिरवावीत. संख्या विषम असावी. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

रात्री आपण झोपतो तेव्हा अंडी सर्वांत जास्त वेळ एकाच स्थितीत राहतात. अंड्याच्या एका बाजूस फुली आणि दुसऱ्या बाजूस गोल अशी खूण केली आहे असे समजा. सोमवारी रात्री फुली वर आहे. मंगळवारी दोनच वेळा अर्धा फेरा दिला तर सकाळी गोल वर येईल आणि संध्याकाळी पुन्हा फुली. म्हणजे रोज रात्री फुलीच वर राहील. तीन किंवा पाच वेळा फिरविल्यास मंगळवारी रात्री गोल वर असेल आणि बुधवारी रात्री फुली. रात्रीची बाजू रोज आपोआप बदलते.

सोयीचे वेळापत्रक असे :

पाच वेळा : सकाळी ६, सकाळी १०, दुपारी २, सायंकाळी ६ आणि रात्री १०.

तीन वेळा : सकाळी ६, दुपारी २ आणि रात्री १०.

दुसऱ्या वेळापत्रकात दोन फेऱ्यांमध्ये बरोबर आठ तासांचे अंतर राहते. एखादी वेळ चुकलीच तर आठवण होताच अंडी फिरवावीत आणि त्या रात्री कालच्यापेक्षा वेगळी खूण वर राहील असे पाहावे.

फिरविण्याची रीत

१) अंडी मांडण्यापूर्वी प्रत्येक अंड्याच्या एका बाजूस फुली व विरुद्ध बाजूस गोल काढावा. खुणेसाठी साधी शिसपेन्सिल वापरावी. बॉलपेन किंवा स्केचपेनची शाई वापरू नये.

२) घरगुती पेटीत अंडी आडवी ठेवावीत. ट्रेमध्ये उभी ठेवावयाची असल्यास रुंद टोक वर व निमुळते टोक खाली असावे. निमुळते टोक कधीही वर ठेवू नये.

३) लांबून आणलेली अंडी लगेच पेटीत घालू नयेत. निमुळते टोक खाली करून अर्धा ते एक दिवस घरात स्थिर ठेवावीत व नंतर मांडावीत.

४) मांडल्यापासून २४ तासांनी फिरविण्यास सुरुवात करावी.

५) हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. हाताला तेल लागलेले नसावे. तेलाने कवचाची छिद्रे बुजतात.

६) अंडे आडव्या स्थितीत अर्धा फेरा देऊन फुलीच्या जागी गोल आणावा. पुढच्या वेळी त्याच वाटेने उलट फिरवावे. एकाच दिशेने सारखे फिरविल्यास आतील पेड पिळवटतात व रक्तवाहिन्या तुटण्याची भीती असते.

७) झटका देऊ नये. अंडे हळूवार लोळवावे.

८) दिवसातून एकदा कडेची अंडी मध्ये आणि मधली कडेला घ्यावीत. पंखा नसलेल्या पेटीत सर्व जागी ऊब सारखी नसते, ती यामुळे सर्वांना सारखी मिळते.

९) फिरविताना प्रत्येक अंडे नजरेखालून घालावे. तडा गेलेले, पाझरणारे किंवा वास येणारे अंडे लगेच बाहेर काढावे. कुजलेले अंडे पेटीत फुटल्यास बाकीचीही खराब होतात.

पेटीशेजारी भिंतीवर एक कागद लावावा. त्यावर दिवस आणि वेळा लिहून प्रत्येक फेरीनंतर रेघ ओढावी. घरातील एकाच व्यक्तीवर ही जबाबदारी सोपवावी. सगळ्यांचे काम ते कोणाचेच नसते.

१८ दिवसांनंतर अंडी फिरवू नयेत

अठरा दिवस पूर्ण झाल्यावर फिरविणे पूर्ण बंद करावे. या वेळी पिल्लू डोके हवेच्या पोकळीकडे आणून बाहेर येण्याच्या तयारीत असते. आता अंडे हलविल्यास त्याची बैठक बिघडते. हिशेब सोपा आहे. रविवारी सायंकाळी अंडी मांडली तर तिसऱ्या आठवड्यातील गुरुवारी सायंकाळी फिरविणे थांबवावे आणि त्यापुढच्या रविवारी पिल्लांची वाट पाहावी. शेवटच्या तीन दिवसांत झाकण वारंवार उघडू नये. आतील ओलावा कमी होऊन पापुद्रा वाळतो व पिल्लू अडकते.

इतर पक्ष्यांचे दिवस वेगळे आहेत. साध्या बदकाची अंडी २८ दिवसांत उबतात, ती २५ व्या दिवसापर्यंत फिरवावीत. टर्कीलाही २८ दिवसच लागतात आणि तिला हाच नियम लागू आहे. कोणत्याही पक्ष्याच्या बाबतीत पिल्ले बाहेर येण्यापूर्वी सुमारे तीन दिवस फिरविणे थांबवावे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

ऊब, ओलावा आणि आपला पाऊस

अंडी कितीही नेमाने फिरविली तरी ऊब चुकली तर उपयोग नाही. पंखा असलेल्या पेटीत तापमान ३७.५ ते ३७.८ अंश सेल्सिअस ठेवावे. पंखा नसल्यास तापमापक अंड्यांच्या वरच्या पातळीवर ठेवून ३८.३ ते ३८.९ अंश, म्हणजे सुमारे १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट ठेवावे. उबेसाठी तारेचा, तापणारा बल्बच वापरावा. एलईडी दिव्याने प्रकाश मिळतो, पेटी तापविण्याइतकी ऊब मिळत नाही.

पहिले १८ दिवस सापेक्ष आर्द्रता ५० ते ६० टक्के व शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के असावी. कर्जत-खालापूर भागात जून ते सप्टेंबर हवाच इतकी दमट असते की पेटीत पाण्याची ताटली ठेवण्याची गरज बहुधा पडत नाही. उलट हवेची भोके उघडी ठेवावी लागतात. उन्हाळ्याच्या कोरड्या दिवसांत मात्र ताटली भरलेली असावी.

ओलावा योग्य आहे की नाही हे वजनावरून समजते. अठरा दिवसांत अंड्यांचे वजन साधारण ११ ते १३ टक्के घटले पाहिजे. ४५ ग्रॅमची ३० अंडी मांडताना त्यांचे एकूण वजन १३५० ग्रॅम भरते. सहाव्या दिवशी ते सुमारे १३००, बाराव्या दिवशी १२४० आणि अठराव्या दिवशी ११९० ग्रॅमच्या आसपास असावे. मध्येच अंडी काढून टाकली असतील तर तेवढे वजन हिशेबातून वगळावे. वजन फारच कमी घटत असेल तर पाणी कमी करावे, जास्त घटत असेल तर वाढवावे.

वीज गेल्यास पेटीवर गोणपाट किंवा जाड चादर टाकावी, पण हवेची भोके पूर्ण बुजवू नयेत. गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून अंड्यांना न टेकता आत ठेवाव्यात. अंडी फिरविण्याच्या वेळा वीज नसतानाही चुकवू नयेत.

यंत्र फिरवते, मग काळजी कशाला?

हल्ली आपोआप अंडी फिरविणाऱ्या लहान पेट्या बाजारात मिळतात. त्या सोयीच्या आहेत. परंतु मोटार बंद पडली किंवा ट्रे अडकला तरी बाहेरून कळत नाही. म्हणून अशा पेटीतही चार-पाच अंड्यांवर खूण करून ठेवावी व सकाळ-संध्याकाळ ती सरकते का ते पाहावे. वीज गेली की फिरविणेही थांबते, त्या वेळी ट्रे हाताने कलवावा. अठराव्या दिवशी मोटार बंद करण्यास विसरू नये.

मांडण्यापूर्वीची अंडी

उबवणीसाठी सात दिवसांपर्यंतचीच अंडी घ्यावीत. ती सावलीतल्या थंड जागी निमुळते टोक खाली करून ठेवावीत. घरातल्या फ्रिजमध्ये ठेवू नयेत, तेथील थंडी त्यांना जास्त होते. नाइलाजाने सात दिवसांपेक्षा जास्त ठेवावी लागली तर रोज एकदा बाजू बदलून कलती करावीत. घाणीने भरलेली अंडी बाजूला ठेवावीत. मांडावयाची अंडी धुऊ नयेत.

न फुटलेली अंडी फेकण्यापूर्वी

उबवणी संपल्यावर राहिलेली अंडी घराबाहेर फोडून पाहावीत. हीच आपली पुढच्या वेळची शिकवणी असते.

आत काहीच वाढ नसेल तर अंडे बहुधा फळलेले नव्हते. नराचे प्रमाण पाहावे, गावठी कळपात आठ-दहा कोंबड्यांमागे एक चांगला कोंबडा असावा. फक्त रक्ताचे कडे दिसत असेल तर गर्भ पहिल्या आठवड्यातच मेला, त्याचे कारण जुनी अंडी किंवा तापमानातील चढ-उतार असू शकते. पिल्लू पूर्ण वाढलेले पण पापुद्रा वाळून चिकटलेला असेल तर शेवटच्या दिवसांत ओलावा कमी पडला. मात्र पिल्लू कवचाला चिकटलेले असेल, उलटे बसलेले असेल किंवा निमुळत्या टोकाशी पांढरा शिल्लक असेल, तर सर्वांत आधी भिंतीवरचा कागद काढून पहिल्या आठवड्यातील रेघा मोजाव्यात. पाहिलेली अंडी खोल खड्ड्यात पुरावीत व हात साबणाने धुवावेत.

उदाहरणातील घरी १३ पिल्ले कवचातच गेली. ती जगली असती तर पाच-सहा महिन्यांनी त्यांतील निम्म्या तलंगा अंड्यावर आल्या असत्या आणि कोंबडे विक्रीला गेले असते. एवढे नुकसान टाळण्यासाठी औषध, खाद्य किंवा महागडे यंत्र लागणार नव्हते. लागणार होती ती शिसपेन्सिल, एक कागद आणि पहिल्या आठवड्यात खळ्यावर न जाता घरी थांबणारे एक माणूस. पुढच्या वेळी अंडी मांडण्यापूर्वी ते माणूस कोण, हे ठरवून मगच पेटीचा दिवा लावावा.